दुधनीला जाऊन ये

उन्हाळ्यात गावची डीपी जळाली आणि शांतम्माची गिरणी मुकी झाली.

तसं डीपी जळणं काही नवं नव्हे. दर उन्हाळ्यात ती एकदा तरी ढुम्म करते, रानातली माणसं वर बघतात, "गेली बघ," म्हणतात आणि पुन्हा खाली मान घालून कामाला लागतात. घरच्या दिव्यापुरती वीज कुठून तरी ओढून दिली होती, पंखे रडतखडत फिरत होते. पण गिरणीला तीन फेज लागतात. ते कधी येणार म्हणून विचारलं की ऑफिसातला माणूस म्हणायचा, "वर कळवलंय." आता वर म्हणजे कुठं, ते एका सिद्धरामेश्वरालाच ठाऊक.

आजवर अशा वेळी गिरणीमागच्या खोलीतला जनरेटर धावून यायचा. शांतम्माच्या नवऱ्यानं, प्रभुलिंगनं, तो सोलापुरातल्या एका बंद पडलेल्या चादरीच्या कारखान्यातून आणला होता. टेम्पोतून उतरवताना अर्धा गाव हात लावायला आला होता आणि उरलेला अर्धा सल्ला द्यायला. वीज गेली की प्रभुलिंग मागच्या खोलीत शिरायचा, इंजन धुडधुडायला लागायचं आणि पाठोपाठ गिरणीचा पट्टा सळसळायचा. गावातली निम्मी पोरं त्या आवाजावर पाळण्यात झोपली. खुद्द शांतम्मानं किती दुपारी त्या आवाजावर डुलक्या घेत दळण सोडलं असेल! दाराच्या फटीतून उन्हाची तिरीप यायची, तिच्यात पीठ तरंगत राहायचं, आणि अर्धवट मिटल्या डोळ्यांना वाटायचं, आपण लई लांब कुठंतरी पांढऱ्या पाण्यात बसलोय.

दोन वर्षांमागं प्रभुलिंगच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात लोंबता झाला, तोंड जरा वाकडं झालं आणि मराठी सगळी गेली. उभा जन्म मराठीत भांडलेला माणूस, पण जिभेवर उरले ते आईच्या मांडीवर शिकलेले चार कानडी शब्द. ब्याड म्हणजे नको. हौदु म्हणजे व्हय. एवढ्यावर संसार चालला होता. गिरणी शांतम्मा चालवायची, तो दारात खुर्चीवर बसून आवाज ऐकायचा. पट्टा ढिला झाला तर तिच्याआधी त्याला कळायचं आणि तो डाव्या हातानं खुर्चीवर टकटक करायचा.

आणि यंदा डीपी जळाल्यावर शांतम्मानं जनरेटर सुरू केला, तर इंजन झकास चाललं, पण करंट येईना. बैल चालतायत, दोर ओढला जातोय आणि मोट मात्र रिकामीच वर येतेय, तशातली गत. डिझेल जळायचं, धूर निघायचा, खोली थरथरायची, आणि गिरणी आपली ढिम्म.

मग बायकांची दळणं हायवेवरच्या नव्या गिरणीकडं वळली. त्या जायच्या शांतम्माच्या दारावरूनच, दुसरा रस्ताच नव्हता. एके दिवशी शेजारची मल्लव्वा डोक्यावरच्या डब्यावर पदर ओढून भिंतीच्या कडेकडेनं निघाली.

"मल्लव्वा," शांतम्मानं उंबऱ्यातूनच हाक मारली, "पदर डब्यावर कशाला ग? डब्याला ऊन लागतंय व्हय?"

मल्लव्वा जागीच थिजली. "काय करू शांतम्मा, घरात चिमूटभर पीठ न्हाय. पोरं बोंबलाया लागली."

"जा की. मी काय अडवलंय?"

"आणि खरं सांगू? तिथलं पीठ हाताला करपट लागतंय. भाकरी थापाया गेलं की चिरा पडत्यात. तुझ्या गिरणीसारखं न्हाय बाई."

हे मल्लव्वा तिच्या समाधानासाठी बोलली, हे शांतम्माला कळत होतं. तरी तिला बरं वाटलं. मल्लव्वा गेली, आणि शांतम्मानं मागं वळून पाहिलं तर खुर्चीतल्या प्रभुलिंगची मान खाली गेली होती. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्या दिवशी त्याच्या ताटातली भाकरी तशीच राहिली.

त्यात चाकणहून महांतेशचा, त्यांच्या लेकाचा, फोन आला. पोरगा वाईट नव्हता, पण घाईचा होता.

"अव्वा, आता पुरे झालं. गिऱ्हाईक बघितलंय मी. रविवारी टेम्पो येईल, चक्की, मोटर, जनरेटर सगळं एकदम घेऊन जाईल. तुमी दोघं हिकडं या. हितं दवाखाना जवळ हाय, लिफ्ट हाय."

"लिफ्टमदी बसून काय करू रे मी? वर जाऊ आणि खाली येऊ?"

"चेष्टा नको करू अव्वा. बंद गिरणीच्या दारात बाप नुसता बसलाय, मला झोप लागंना."

झोप तिलाही लागत नव्हती. लागलीच तर स्वप्नात इंजन चालायचं, ती दळण सोडायला उठायची आणि अंधारात नुसतं मांजर बघत असायचं. गिरणी गेली तर गाव गेलं, आणि गाव गेलं तर ह्या माणसात काय उरणार? चाकणच्या त्या गॅलरीत खुर्ची टाकून तो कसला आवाज ऐकणार? मनाशी हे सगळं घोळवून तिनं वळसंगच्या इंद्रजीत वायरमनला फोन लावला.

इंद्रजीतचं काम चोख, पण तोंड गोड आणि पाय जड. त्याचं "निघालोच मावशी" म्हणजे अजून आंघोळ व्हायची असते, आणि "वाटेत हाय" म्हणजे चहा पितोय. शांतम्मानं फोन करकरून त्याचा पिच्छा पुरवला. शेवटी रविवार दुसऱ्या दिवसावर येऊन ठेपला तेव्हा, शनिवारी उन्हं तापायच्या सुमारास त्याची मोटरसायकल दारात फटफटली.

"आलास? मला वाटलं आता माझ्या तेराव्यालाच येतोस."

"तसं बोलू नका मावशी. काम सोडून आलोय तुमच्यासाठी." त्यानं चपला काढल्या आणि खुर्चीजवळ जाऊन वाकून नमस्कार केला. "मामा, वळखलं का? माझ्या बापाला मोटर बांधायची तुमीच शिकवली की."

प्रभुलिंगनं त्याच्याकडं पाहिलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. पंचक्रोशीत कुणाची मोटर जळाली तर ह्याला सायकलवर बसवून न्यायचे. आता ह्याच्याच घरात दुसराच कुणी पाना घेऊन शिरला होता. पण तोंड फिरवून काय इंजनाला करंट येणार होता?

इंद्रजीतनं आधी घरातला बोर्ड उघडला. पंखा मधेच दमायचा, मधेच पळायचा, आणि बटणातून चर्र आवाज यायचा. आत एक वायर ढिली होऊन काळी पडली होती. ती त्यानं कापली, नवी घट्ट बसवली, आणि पंखा कसा सुतासारखा सरळ झाला. मग तो मागच्या खोलीत गेला. इंजन सुरू करून त्यानं मीटरवर टिचकी मारली. काटा झोपलेलाच.

"इंजन ठणठणीत हाय. दुखणं मागं डायनामोत हाय," त्यानं इंजन बंद करून सांगितलं. "आत तांब्याच्या कड्या असत्यात, त्यांच्यावर कार्बनचे तुकडे घासत असत्यात. ते नीट टेकले न्हाईत तर करंट कुटनं येणार? हे मागचं झाकण उघडाया लागंल. पण ह्याला कुलूप कशाला वो?"

ते कुलूप फार जुनं. डायनामोच्या मागच्या जाळीदार झाकणाला प्रभुलिंगनं स्वतः कडी ठोकून ते लावलं होतं. पोरं हात घालतात म्हणाला होता. किल्ली त्याच्या करगोट्यात.

शांतम्मा बाहेर आली. "अवो, किल्ली द्या."

"ब्याड."

"ब्याड काय? उद्या टेम्पो येतोय. किल्ली द्या म्हणते मी."

"ब्याड, ब्याड!" त्यानं डावा हात कमरेवर घट्ट धरला. शांतम्मा खाली बसली, तिनं त्याची बोटं एकेक करून सोडवली आणि किल्ली काढून घेतली. पूर्वी ह्या माणसाचं मनगट दोघांच्यानं हलायचं नाही. आता बायको लहान पोराच्या मुठीतून चिंचोका काढावा तशी किल्ली काढून नेत होती. दोघांनीही एकमेकांकडं पाहिलं नाही.

इंद्रजीतनं कुलूप उघडलं, शांतम्मानं किल्ली पदराच्या गाठीत बांधली, तशी बाहेर खुर्ची खरडल्याचा आवाज झाला. प्रभुलिंग भिंतीला धरून, एक पाय ओढत, मागच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. घामानं डवरलेला. त्याची नजर शांतम्मावर होती आणि तो काहीतरी बोलायला बघत होता. जबडा हलला, मान ताणली, आणि शब्द आला.

"दुधनी."

"काय?"

"दुधनी. होगि बा."

म्हणजे दुधनीला जाऊन ये. शांतम्माला रडावं का हसावं कळेना. दुधनी तिचं माहेर. भाऊ चनबसप्पा तिथं तुरीचा व्यापार करायचा. लग्नापासून दर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी प्रभुलिंग तिला सकाळीच एसटीत बसवून द्यायचा. "जा, भावाला सोनं देऊन ये. दोन दिवस ऱ्हा. घाई न्हाय." बाकीच्या बाया माहेरी जायचं म्हणून नवऱ्यापुढं चार दिवस पदर खोचून भांडायच्या, आणि हिचा नवरा आपणहून पिशवी भरून द्यायचा! ह्याचा तिला केवढा तोरा. पाणवठ्यावर तिनं हे इतक्यांदा सांगितलं होतं की मल्लव्वानं एकदा कान झाकून घेतले होते. दुधनीला भावजय पुरणाची होळगी करायची, वर तुपाची धार, आणि परत यावं तर हा माणूस हाताला रॉकेलचा वास घेऊन, डोळे तांबारलेले, दारात उभा असायचाच. "मशीन पुसली जरा," म्हणायचा.

पण आता? भर उन्हाळ्यात? दसऱ्याचा पत्ता नाही!

"आता कशाची दुधनी वो?" ती हळूच म्हणाली. "बसा हितं, घेरी येईल." आजारानं डोक्यापर्यंत मजल मारली, असं तिच्या मनात आलं. तिनं त्याला पोत्यावर टेकवलं, आणि डोळ्यातलं पाणी दिसू नये म्हणून चहा टाकायच्या निमित्तानं आत गेली.

चहाचे कप घेऊन ती परत आली ती बोळातच थबकली. दार अर्धं लोटलेलं होतं. आतून इंद्रजीतचा आवाज आला.

"आयला! मामा, ह्यो डायनामो हाय का देव्हारा?"

फटीतून तिला सगळं दिसत होतं. झाकण बाजूला पडलं होतं, आणि इंद्रजीत लांब पेचकसानं आतून काहीबाही उकरून वर्तमानपत्रावर ठेवत होता. लाल-पिवळ्या वड्याच्या वड्या. झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या. नारळाची शेंडी. अर्ध्या जळालेल्या उदबत्त्यांच्या काड्या.

"कुंकू काय, इभूत काय, आणि हे चिकाट कशाचं?" त्यानं बोटाला लागलेलं नाकाशी नेलं. "नारळाचं पाणी! वरनं वतलंय, ते फटीतनं आत. त्यात इभूत, कुंकू आणि गिरणीचं पीठ कालवलं, मग काय, खळच झाली की! कार्बन जाम चिकटून बसल्यात. कशाला करंट येतोय? मावशी! ओ मावशी, हिकडं या, बघा तरी तुमच्या पूजेनं..."

प्रभुलिंगनं डाव्या हातानं त्याचं मनगट पकडलं.

"ब्याड."

"आँ?"

"ब्याड, ब्याड." आणि त्यानं बोट स्वतःच्या वाकड्या ओठांवर ठेवलं.

इंद्रजीतनं पेचकस बाजूला ठेवला. आवाज खाली आणून म्हणाला, "मावशीला सांगू नको म्हणताय?"

"हौदु."

"पण मामा, हे काय आजचं न्हाय. दर खंडेनवमीला असं न्हाऊ घालत असतील, तर ही मशीन कवाच बसाया पायजे हुती. मग इतकी वर्सं साफ कोण करत हुतं?"

प्रभुलिंगनं तळहात सावकाश आपल्या छातीवर ठेवला. मग दाराकडं, बाहेर, लांब कुठंतरी बोट दाखवलं आणि वाकडं तोंड आणखी वाकडं करून हसला.

"दुधनी," तो म्हणाला.

"मावशी दुधनीला गेली की तुमी हे खोलत हुता?"

"हौदु. हौदु."

बोळात शांतम्मानं हातातले कप पदराशी धरले. दर खंडेनवमीला ती मशीनला नंदीसारखं सजवायची. इभूतीची बोटं ओढायची, झेंडूची माळ घालायची, फटीत उदबत्त्या खोवायची, दगडावर नारळ फोडून सगळं पाणी वरून ओतायची. ह्याच्यावर घर चालतं, ह्याचं तोंड गोड झालंच पाहिजे. दोन दसरे झाले, नवरा खुर्चीत, तर तिनं आणखी मनोभावे पूजा केली होती. एका नारळाच्या जागी दोन फोडले होते.

म्हणजे आपल्याच हातानं आपण गिरणी मारली! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मल्लव्वाचा झाकलेला डबा, उद्याचा टेम्पो, खुर्चीतली ती खाली गेलेली मान, सगळं आपल्यामुळं. आणि त्या पाठोपाठ राग आला, सपाटून आला. म्हणजे माहेरची माया वगैरे काही नव्हतंच! बायकोला घराबाहेर काढायचं म्हणून ती एसटी, ती भरलेली पिशवी! आणि आपण गावभर मिरवत होतो. लबाड, लबाड मेला!

आवाज न करता तिनं कप परत नेऊन चुलीपाशी ठेवले. मग अंगणात जाऊन मुद्दाम मोठ्यानं ओरडली, "अवो, दुधनी काय जमायची न्हाय आता! मी मल्लव्वाकडं जाऊन येते जरा. चहा चुलीपाशी हाय रे इंद्रजीत."

मल्लव्वाकडं ती गेलीच नाही. रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली दगडावर बसून राहिली. उन्हानं सगळं गाव झोपलं होतं. लांबवर रस्ता पाण्यासारखा हलत होता, आणि त्या पाण्यावरून जुन्या एसट्या येत होत्या. एकेका एसटीत ती खिडकीशी बसली होती, मांडीवर पिशवी, कानात झुबे, तरणी, मग पोरगं कडेवर घेतलेली, मग केस पिकलेली. ती तिकडं होळगीवर तूप ओढत होती, आणि तिकडून मान वळवली की इकडं हा माणूस बंद खोलीत पाठीवर पडून, रॉकेलच्या चिंधीनं तिची भक्ती खरवडून काढत होता. तिच्या पाकळ्या, तिच्या काड्या, तिचं कुंकू. वर्षानुवर्षं. एकदा "नारळ वतू नको ग" म्हटलं असतं, तर काम भागलं असतं. त्याला माहीत होतं, बायको ऐकेल, पण मन मोडेल. पुढच्या खंडेनवमीला थाळी घेऊन लांब उभी राहील, बिचकून. म्हणून कुलूप लावलं. म्हणून किल्ली करगोट्यात बांधली. मघाशी तिनं बोटं उलगडून ओढून घेतली ती हीच किल्ली.

शांतम्मा पदर तोंडात धरून रडली. मनसोक्त रडली, कुणी बघायला नव्हतं. रडता रडता तिला हसू फुटलं, आणि दोन्ही एकदम यायला लागल्यावर ती झाडाला टेकून नुसती डोळे मिटून बसली. गरम वारा, लिंबाचा वास. डोळ्यांवर झापड आली आणि रोजच्यासारखं स्वप्नात इंजन सुरू झालं. धुडधुड, धुडधुड. पाठोपाठ पट्टा सळसळला.

ती तशीच बसून राहिली. उठलं की हे थांबणार, हे अनुभवानं ठाऊक होतं.

"अगं ए शांतम्मा!" मल्लव्वाचा आवाज. "झोपलीस का काय? गिरणी चालू झाली की ग!"

शांतम्मानं डोळे उघडले. आवाज थांबला नाही.

गिरणीत शिरली तर प्रभुलिंग खुर्ची सोडून चक्कीपाशी उभा होता, डावा हात तिच्या अंगावर ठेवून, गाईच्या पाठीवर ठेवावा तसा. इंद्रजीत हात पुसत होता. मघाचं वर्तमानपत्र कुठं दिसत नव्हतं.

"कार्बन झिजले हुते मावशी," तो तिच्याकडं न बघता म्हणाला. "जुनी मशीन, चालायचंच. नवे टाकल्यात."

"व्हय का?" शांतम्मा म्हणाली. "वय झालं की रे तिचं. आमच्यासारखंच."

चोरून तिनं नवऱ्याकडं पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा भार उतरला होता. मल्लव्वा डबा आणायला पळाली, तिनं वाटेत हाकाटी केली असणार, कारण बोळातून आणखी बांगड्यांचे आवाज यायला लागले. शांतम्मानं चाकणला फोन लावला.

"टेम्पोवाल्याला सांग, येऊ नको."

महांतेश काही बोलणार, तोच त्याला मागची धुडधुड ऐकू आली.

"अव्वा," तो म्हणाला, "फोन ठिवू नको. तसाच धर थोडा वेळ. आवाज येऊ दे."

तिनं फोन खिडकीत ठेवून दिला आणि दळणाला हात लावायच्या आधी सवयीनं आत जाऊन थाळी घेऊन आली. बंद पडलेली मशीन सुरू झाली की पूजा, हा तिचा रिवाज होता. थाळीत इभूत, कुंकू, कोपऱ्यातला नारळ. प्रभुलिंगची नजर थाळीवर गेली, नारळावर थांबली, मग मागच्या खोलीच्या दाराकडं वळली. त्याचा हात कमरेशी गेला, किल्ली असायची तिथं. इंद्रजीतनं तर डोळेच मिटून घेतले.

शांतम्मा मागच्या खोलीकडं वळली नाही. ती सरळ नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. तीन बोटं इभूतीत बुडवून तिनं त्याच्या कपाळावर ओढली, या कडेपासून त्या कडेपर्यंत, सावकाश. नारळ त्याच्या डाव्या हातात दिला. मग पदराच्या गाठीतून किल्ली सोडली आणि त्याच्या करगोट्यात परत बांधली.

"यंदापास्नं पूजा तुमची," ती म्हणाली. "मशीनला लांबनं हात जोडीन, बास."

इंजनाचा आवाज दोघांच्या मधून वाहत होता.

"पण एक सांगून ठिवते," शांतम्मानं कमरेवर हात ठेवला. "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुधनीला मातर मी जाणार. पिशवी तुमीच भरायची, आणि एसटीतबी तुमीच बसवायचं."

त्याला सगळं कळलं. नारळ पोटाशी धरून तो हसायला लागला, अर्ध्या तोंडानं, खांदे गदगदा हलवत, आणि हसता हसता त्याच्या इभूतीखालच्या डोळ्यांना धार लागली.

"होगि बा," तो म्हणाला.

मग दारात मल्लव्वा डब्यावरचा पदर काढून उभी राहिली, आणि शांतम्मा दळण घ्यायला गेली.